संप मिटला कधी?

संमेलनाच्या तयारीची दुसरी बैठक चिंचपोकळी स्टेशनजवळच्या हॉटेलात झाली. वर्गणी किती, जेवणात गोड काय, आणि सरांना घरून आणायला गाडी कोण पाठवणार, एवढंच ठरायचं होतं. ते अर्ध्या तासात ठरलं. मग दुसरा चहा आला आणि विषय गिरणी कामगारांच्या घरांवर गेला. आपल्यातला एक म्हणाला, "फुकटची घरं कशाला पाहिजेत लोकांना? माझ्या बापाने कुणापुढे हात पसरला नाही." दुसऱ्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "संप फोडून आत गेलेल्यांच्या पोरांनी आम्हाला शिकवू नये." पहिला उठला, पैसे टेबलावर ठेवले आणि निघून गेला. दहावीला एका बाकावर बसलेले हे दोघे. आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

मी त्या वेळी गप्प बसले. माझे बाबाही आत गेले होते, हे त्या दोघांना माहीत नव्हतं.

नंतर इतिहासाच्या बाईंना फोन करून हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "भांडू नका, लिही. स्मरणिकेला पानं हवीच आहेत." कॉम्प्युटरवाल्या मुलीला इतिहासाचा निबंध! पण बाईंना नाही म्हणायची सवय तेव्हाही नव्हती, आताही नाही.

पहिल्यांदा वाटलं होतं, तारखा लावून टाकू, झालं. सुरुवातीची तारीख सोपी आहे: 18 जानेवारी 1982. मुंबईतल्या 60च्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. शेवटची तारीख लिहायला गेले आणि अडकले. तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही. करार झाला नाही, सभेत कुणी घोषणा केली नाही. मग तो संपला कधी? ज्याच्या त्याच्या घरी वेगळ्या दिवशी. आमच्या घरी तो 1983 च्या गणपतीनंतरच्या एका सोमवारी संपला. तो दिवस बाबांनी एकट्याने ठरवला.

आपल्या दोघा मित्रांचं भांडण मला तिथेच समजलं. एक म्हणतो माणसाने आपलं आपण बघावं, दुसरा म्हणतो सरकारने द्यायला हवं होतं. पण अडीच लाख माणसांवर आपलं आपण बघायची पाळी का आली, हे दोघांनीही विचारलं नाही. त्यासाठी 1946 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. कामगारांत तो इंग्रजी आद्याक्षरांनी, बी.आय.आर. म्हणूनच ओळखला जायचा. एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक' युनियन, वाटाघाटीचा अधिकार फक्त तिला, आणि कायद्यातली पायऱ्यांची वाट न चालता केलेला संप बेकायदा. कल्पना वाईट नव्हती. आठवड्याला नवा संप होऊ नये, मालकाला एकाच दाराशी बोलता यावं. कापड गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालं. परळची मजदूर मंझिल ही त्यांची कचेरी. काँग्रेसच्या विचाराची ही युनियन, आणि राज्यातही बहुतेक काळ काँग्रेसच. दुसऱ्या युनियनला तिची जागा घ्यायची तर नोंदलेली सभासदसंख्या दाखवावी लागे. ती कागदावर सिद्ध करणं किती कठीण होतं हे पुढे वारंवार दिसलं. गुप्त मतदानाने युनियन ठरवा ही मागणी वर्षानुवर्षं होत राहिली.

म्हणजे कामगाराची युनियन कायद्याला दिसत नव्हती, आणि कायद्याला दिसणारी युनियन कामगाराला आपली वाटत नव्हती. 1982 च्या संपात पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती. पण हा कायदा काढा, हीदेखील होती. माझ्या मते तीच सगळ्यात मोठी होती. पगाराचा आकडा दहा-वीस रुपये खालीवर करून तडजोड होऊ शकली असती. या मागणीवर तडजोड करायची तर मान्यताप्राप्त युनियनला बाजूला सारून दत्ता सामंतांशी बोलावं लागलं असतं, आणि ते दिल्लीला मान्य नव्हतं.

आता डॉक्टर सामंत कोण? आपल्याकडे त्यांना कुणी लाल म्हणतं, कुणी दादागिरीचं पुढारपण म्हणतं. घाटकोपरला दवाखाना चालवणारे हे डॉक्टर पूर्वी काँग्रेसचे आमदार होते आणि काँग्रेसच्याच कामगार संघटनेत होते. आणीबाणीत त्यांना तुरुंगात टाकलं तेही काँग्रेसच्याच सरकारने. कम्युनिस्ट ते कधीच नव्हते. आपल्या भागातल्या लाल बावट्याच्या जुन्या पुढाऱ्यांचं त्यांच्याशी फारसं जमायचंही नाही.

आपल्या गल्ल्यांच्या झेंड्यांचं तर विचारूच नका. 1967 मध्ये गिरणगावाने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवलं, आणि त्याच वर्षी परळमधून कृष्णा देसाई हे कम्युनिस्ट आमदार निवडून आले. जून 1970 मध्ये लालबागला देसाईंचा खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडून दोन हजारांपेक्षाही कमी मतांनी हरल्या. सेनेचा तो पहिला आमदार. डिसेंबर 1984 मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना याच भागाने दत्ता सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. आणि पाचएक महिन्यांत, 1985 ला, मुंबई महापालिका शिवसेनेच्या हातात गेली. तिचा बालेकिल्ला पुन्हा हाच भाग. माणसं तीच, मतदानाची शाळाही तीच (आपलीच, कित्येक वेळा). आमच्या चाळीत तर एका खोलीत तीन झेंडे होते: आजोबा लाल बावटा, काका शाखेत, आणि बाबा डॉक्टरांच्या मोर्चाला. भांडणं व्हायची, पण संध्याकाळी जेवायला पंगत एकच. पाणी येत नसेल तर काकाच्या शाखेत जायचं, बोनसचं असेल तर आजोबांना विचारायचं. ज्याच्याकडून जे काम होईल त्याच्याकडे जाणारी ही माणसं होती. त्यांना एकेक रंग आपण, म्हणजे त्यांच्या शिकलेल्या पोरांनी, नंतर लावले.

पण एक लेबल मात्र त्यांनीच एकमेकांना लावलं, आणि ते पुसलं गेलं नाही. 'फुटला'.

1983 च्या मध्यापर्यंत पुष्कळ जण गावाला निघून गेले होते. कोकणातून, घाटावरून चाळीत तांदूळ-ज्वारी यायची तीही आटली. बाबांनी भाजी विकली, एका गोदामात हमाली केली. मी तीन वर्षांची, ताई सात. आईच्या अंगावर मणी तेवढे उरले होते. त्या सोमवारी बाबा भोंग्याच्या आधी घरातून निघाले, पुलावरून न जाता लांबच्या रस्त्याने गेले. गेटवर त्यांच्याकडून लिहून घेतलं की संपात पुन्हा भाग घेणार नाही. जुनी नोकरी धरली गेली नाही, बदली म्हणून घेतलं. हे सगळं मला बाबांनी कधीच सांगितलं नाही. ते गेल्यावर आईने सांगितलं. शेजारच्या खोलीतले काका, बाबांचे साच्यावरचे जोडीदार, आत गेले नाहीत. ते पुढे सहा वर्षं बाबांशी बोलले नाहीत. त्यांच्या मुलीबरोबर मी रोज शाळेत जात होते आणि मला कधी कळलं नाही.

गंमत पाहा, आत गेलेल्यांचंही भलं झालं नाहीच. मागावरचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमकडे संपाच्या आधीपासूनच सरकत होतं. आपण कॉलेजात होतो तेव्हा बाबांची गिरणीही बंद पडली. तेव्हा 'संपाने गिरण्या मेल्या' हे जितकं अर्धवट, तितकंच 'आत गेलेल्यांनी संप मारला' हेही. पण जी गोष्ट मंत्रालयात आणि मजदूर मंझिलीत सुटायची होती ती दहा बाय बाराच्या खोलीत एकेका बापाच्या डोक्यावर आली, आणि त्याने काय ठरवलं यावरून आपण अजून त्याची लायकी मोजतो आहोत. याला स्वावलंबन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याचा अर्थ आपल्या लोकांना स्वतःच्या हिमतीवर काही करताच आलं नाही, असा नाही. उलट या भागाचा इतिहासच तिथून सुरू होतो. 1884 मध्ये, कामगारांच्या बाजूचा जवळजवळ काहीच कायदा नसताना, नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी ही मुख्य मागणी. 1890 च्या एप्रिलात महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन बायकाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. कायद्यात ती आली पुढच्या वर्षी, 1891 ला. आणि हे लोखंडे कोण, तर फुल्यांचे सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, आणि इंग्रज सरकारचे रावबहादूरसुद्धा. आज त्यांना कुठल्या रकान्यात बसवाल? 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना प्लेगच झाला आणि ते गेले.

दुसरं उदाहरण आपल्या आयांचं, आज्यांचं. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण माझी आजी खानावळवाली होती.

गिरणीत कामाला आलेले बहुतेक गडी बायकापोरं गावाला ठेवून यायचे. एका खोलीत पंधरा-वीस, पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्या बायका करत. आजीकडे चौदा जण जेवायचे. दिवसपाळीवाल्यांचे डबे पहाटे, रातपाळीवाल्यांचं जेवण दुपारी, म्हणजे चूल कधी थंड नाही. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याकडे उधारी, आणि वाणी नाही म्हणाला की सावकार. सावकाराचं व्याज असं की आजी महिनाभर राबून व्याजापुरतंच कमवायची. तिला कामगार कुणी म्हणत नव्हतं. कुठल्याच युनियनच्या वहीत तिचं नाव नव्हतं.

1973-74 च्या हिवाळ्यात गिरण्यांचा 42 दिवसांचा संप झाला. गड्यांना पगार नाही, म्हणजे आजीला पैसे नाहीत. तरी या बायकांनी जेवण बंद केलं नाही. दागिने मोडले, भांडी गहाण टाकली, उधारी केली. संप टिकला तो भाषणांवर जितका, तितकाच या चुलींवर. हे ज्यांच्या लक्षात आलं त्या प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्या, गिरणी कामगारांत काम करणाऱ्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. प्रेमाताईंनी 1975 मध्ये 14 खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. आणि पहिलं काम कोणतं? मोर्चा नाही. बँकेचं कर्ज.

याच्या सहा वर्षं आधी, 19 जुलै 1969 ला, इंदिरा गांधींनी 14 मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. त्याआधी बँकेच्या दारात खानावळवालीला कुणी उभं केलं असतं? राष्ट्रीयीकरणानंतर लहान धंदेवाल्यांना कर्ज देणं बँकांना भाग पडलं. तरी कागद, सही, तारण हे प्रश्न होतेच. तारण काय, पितळेचा टोप? तिथे मंडळ मधे उभं राहिलं. या बायका बुडवणार नाहीत हे बँकेला पटवलं, आणि बायकांना सही शिकवली. माझ्या आजीने वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिली सही कर्जाच्या कागदावर केली. सावकार सुटला. त्या कर्जाचा प्रत्येक हप्ता तिने वेळेवर भरला, आणि त्याची पासबुकं शेवटपर्यंत देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी ठेवली. पुढे मंडळ हजारो बायकांचं झालं. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता आपल्या दोघा मित्रांनी सांगावं, माझी आजी कुणाच्या बाजूची? कष्ट तिचे, हिशेब तिचा, फेड तिची. कुणापुढे हात पसरला नाही हे वाक्य तिला अगदी शोभलं असतं. पण कर्ज सरकारी बँकेचं, ते सरकारी झालं काँग्रेसच्या निर्णयाने, आणि तिथवर नेणारी बाई कम्युनिस्ट. यातला एक जरी निघाला असता तर आजी सावकाराच्या वहीतच राहिली असती. 1982 मध्ये बाबांच्या मागे असं कुणी उभं राहू शकलं नाही. कष्टाळू ते आजीपेक्षा कमी नव्हते.

राहिला 'फुकटच्या' घरांचा प्रश्न. पहिलं म्हणजे ती फुकट नाहीत. 2012 मध्ये म्हाडाने 6,925 घरांची पहिली सोडत काढली तेव्हा 225 चौरस फुटांच्या घराची किंमत साडेसात लाख होती. 2020 च्या सोडतीत 3,894 घरं होती, किंमत साडेनऊ लाख. बाजारापेक्षा फार कमी, हे खरं. पण ती जमीन आली कुठून? 1991 च्या विकास नियमावलीत नियम होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि एक तृतीयांश मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला: वाटणी सगळ्या जमिनीची न होता, बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेचीच व्हायची. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी शेडच. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो मान्य केला. नियमातल्या एका शब्दाने काय होतं हे माझ्या धंद्यात रोज बघते, पण शेकडो एकरांचा हिशेब एका शब्दावर फिरलेला दुसरीकडे पाहिला नाही. शिवाय 1983 मध्ये मुंबईतल्या 13 गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांचा तोटा सरकारी तिजोरीने सोसला. म्हणजे सरकारची मदत सगळ्यांनी घेतली. मालकांच्या मदतीला कुणी फुकट म्हटलेलं मात्र मी ऐकलेलं नाही.

अर्थात सरकारकडे बोट दाखवणाऱ्या मित्रालाही मला एक विचारायचं आहे. दीड लाखांहून जास्त अर्ज, आणि 2020 पर्यंतच्या सगळ्या सोडतींत मिळून 16 हजारांच्या आसपास घरं. 1982 ला तिशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या पुढे आहे. नुसती वाट पाहण्याने हे गणित सुटणारं नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. दर निवडणुकीला प्रत्येक झेंड्याने त्याला घराचं वचन दिलं, आणि तो दर वेळी नव्या झेंड्यावर विश्वास ठेवून जुन्याला शिव्या देतो.

माझंही सांगते, नाहीतर बाई म्हणतील, दुसऱ्यांचं लिहिलंस. अनेक वर्षं मी ऑफिसात अभिमानाने सांगायचे की चाळीतून इंजिनिअर झाले ती माझ्या अभ्यासावर. आपल्या वर्गातल्या आम्हा मुलींना बारावीपर्यंत फी नव्हती, हे मी विसरले होते. आणि इंजिनिअरिंगला मला 'फ्री सीट' मिळाली होती. 1993 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खासगी कॉलेजांतही अर्ध्या जागा गुणवत्तेवर कमी फीत द्याव्या लागत होत्या. 'पेमेंट सीट'ची फी बाबांना झेपणारी नव्हतीच. नावातच 'फ्री' आहे. अभ्यास माझाच होता, हेही खरं. आणि बाबा त्या सोमवारी आत गेले नसते तर मी रत्नागिरीला गावच्या शाळेत गेले असते, हेही.

हे सगळं मी दोघा मित्रांना फोनवर सांगायचा प्रयत्न केला. एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू." दुसऱ्याने मात्र वेगळीच गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांचा अर्ज पात्रतेत अडकला आहे. कामगार 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर होता हे कागदाने दाखवावं लागतं, आणि त्यांचे कागद 2005 च्या जुलैच्या पावसात खोलीत पाणी शिरलं तेव्हा गेले. वडील साचे खात्यात होते. ज्याला तो त्या दिवशी 'फुटलेल्याचा पोरगा' म्हणाला, त्याचे वडीलही त्याच खात्यात, त्याच पाळीला होते.

म्हणून संमेलनाला येताना एक काम करा. घरात माळ्यावर, ट्रंकेत, देवाच्या फळीवर गिरणीचं काही असेल, गेटपास, ई.एस.आय.चं कार्ड, फंडाची चिठ्ठी, पगाराची पावती, खात्यातल्या पूजेचा ग्रुप फोटो, तर घेऊन या. फोटोमागे नावं लिहिलेली असतील तर फारच उत्तम. मी स्कॅनर आणणार आहे, नोंदणीच्या टेबलाशेजारी बसेन, आणि मूळ कागद त्याच दिवशी परत देईन. त्या दोघांनाही मी हेच सांगितलंय. पहिल्याने काल रात्री एक फोटो पाठवला, 1979 च्या दसऱ्याचा. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे त्याचे वडील. चौथ्या माणसाच्या खांद्यावर त्यांचा हात आहे. तो चौथा कोण, ते दुसऱ्याला संमेलनात दाखवून विचारायचं आहे.